दोन कट्टैच्या तारा

अकरा डिसेंबर १९९४, रविवार, सकाळी दहा वाजता आमच्या संगीत सभेची बैठक सुरू झाली. जागा नेहमीचीच, तंजावूरच्या मेल, म्हणजे पश्चिम, राजवीथीत पितळी भांड्यांच्या दुकानावरची खोली. खाली कारागीर एका हंड्याचे पोचे काढीत होता. बैठक संपेपर्यंत त्याची हातोडी थांबली नाही.

विषय दोन होते. पोंगलनंतर आमचा तीन दिवसांचा उत्सव असे. तो आमच्या वडिलांच्या पिढीने सुरू केला आणि तेव्हापासून फुकट होता. त्याला आता तिकीट लावावे काय, हा पहिला विषय. शेवटच्या संध्याकाळी कोणी गावे, हा दुसरा. मी अध्यक्ष होतो. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावर हे पद माझ्याकडे आले आणि राहिले.

शेवटची संध्याकाळ आजवर एकाच गवयाची होती. तो तिरुवैयारुला कावेरीकाठी राहत असे व शिष्यांना शिकवीत असे. तो आमच्यातलाच, म्हणजे भोसल्यांच्या राज्यात इकडे आलेल्या मराठी घरातला. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो होतो. पुढे तो गवई झाला आणि मी कारकून. तो गायला बसला की त्याच्या मागे तंबोरा मी धरीत असे. गाव त्याला विद्वान म्हणे. मी त्याला कधीही तसे म्हटले नाही.

पुढचे कळण्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे आवाजाची पट्टी पेटीच्या सुरांवरून मोजतात आणि तिला कट्टै म्हणतात. एक कट्टै खालची, दोन चढी. पुरुषाने दोन कट्टैला आरामात गाणे दुर्मिळ आहे. तो तरुणपणापासून दोनला गाई आणि त्यासाठीच ओळखला जाई. काही वर्षांपूर्वी उत्सवाच्या आदल्या दिवशी, घरी रियाझ करताना, त्याचा वरचा षड्ज फाटला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फाटला. दुसऱ्या दिवशी तंबोरा जुळवताना मी खुंट्या केसभर सैल ठेवल्या. तो त्या पट्टीवर गायला आणि काही बोलला नाही. पुढच्या वर्षी मी आणखी केसभर उतरलो. व्हायोलिनवाला माझ्या तंबोऱ्यावर तारा लावून घेई. मृदंगवादकाला कळत होते. तो दर वर्षी अधिक मोठ्या तोंडाचा मृदंग घेऊन येई, माझ्याकडे एकदा पाही आणि मान खाली घालून बसे. अशा रीतीने आम्ही एक कट्टैवर आलो. श्रोत्यांना दोनच वाटत राहिले. मधला उतार एका वर्षाचा नव्हता, म्हणून तो कोणाला दिसला नाही.

बैठकीच्या वर्षीच, चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात, मी त्याला घशाच्या डॉक्टरांकडे नेले होते. डॉक्टर म्हणाले, खाली गात राहिलात तर अजून बरीच वर्षे गाल; वर ताणलात तर एका बैठकीत आवाज जाईल, आणि गेलेला परत येणार नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याने माझे मनगट धरले आणि हे कोणालाही सांगणार नाही असा शब्द घेतला. मी तो दिला.

बैठकीला वीसेक माणसे होती. बोलणारी तिघेच. माझा भाचा सभेचा सचिव होता, बँकेत नोकरीला, उत्साही आणि अधीर. दुसरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे मास्तर म्हणत. तिसऱ्या होत्या मुलींना गाणे शिकवणाऱ्या एक बाई. त्यांना लहानथोर सगळे अक्का म्हणत. बोलणे आमच्या मराठीत चाले. भांडण वाढले की ते तमिळमध्ये जाई.

भाच्याने सुरुवात केली. रंगीत टीव्हीचे दुकान काढलेला एक व्यापारी मंडप, दिवे आणि ध्वनिक्षेपक देणार होता. त्याच्या अटी दोन. तिकीट लावायचे, आणि शेवटच्या संध्याकाळी मद्रासचा एक तरुण गवई आणायचा, ज्याच्या कॅसेटा त्या वर्षी पानाच्या ठेल्यांवरही वाजत होत्या.

"फुकटचं आता कोणी ऐकत नाही, मामा," भाचा म्हणाला. "घरोघर केबल आलंय. माणसानं चप्पल घालून बाहेर पडायचं तर त्याला कारण पाहिजे. तिकीट खिशात असलं की तो येतो. वसूल करायला तरी येतो."

"वसूल करायला सावकार जातो," मास्तर म्हणाले. "गाण्याला रसिक जातो."

"रसिक पुढच्या रांगेत घोरायलाही जातो, मास्तर. मागच्या वर्षी मृदंग एकटा वाजत होता तेव्हा तुमचं घोरणं सगळ्या मंडपाला ऐकू येत होतं."

"तालात होतं का?"

"तालात होतं."

"मग तुला त्रास कसला?"

लोक हसले. अक्का हसल्या नाहीत.

"चटईचं सांग," त्या म्हणाल्या. "माझ्या मुली पुढे चटईवर बसतात. हातावर ताल धरतात. तुझ्या तिकिटात चटई कोठे आहे?"

"मागे, अक्का. पुढे खुर्च्या."

"म्हणजे ताल धरणारे मागे आणि टीव्ही विकणारा पुढे."

"मंडप तो देतोय, अक्का."

"देऊ दे की. लग्नाचा मांडव नवरीचा मामा देतो. म्हणून मंगळसूत्र तो बांधतो काय?"

भाच्याने विषय गवयावर नेला. त्या मुलाची तिकिटे पहिल्याच सकाळी संपतील, असे तो म्हणाला. विद्वानांचा मान आहेच, त्यांना पहिल्या दिवशी बसवू. पहिला दिवस म्हणजे आमच्याकडे शिष्यवर्गाचा दिवस. हे सर्वांना ठाऊक होते.

मास्तर उभे राहिले. शाळेत ते असेच उभे राहत असणार.

"पोदुम, पुरे. त्या पोराच्या कॅसेटा मीही ऐकल्या. गोड आहे. पायसमही गोड असतं. त्यानं जेवण होत नाही. आमचा विद्वान ह्या वयात अजून दोन कट्टैला उभा आहे. अजून! सूर तसूभर खाली आलेला नाही. असा दुसरा मला मद्रासेत दाखव, मी स्वतः तुझी तिकिटं विकतो."

"तो मुलगाही दोनलाच गातो, मास्तर."

"मग बसवा की दोघांना शेजारी शेजारी! एक तंबोरा, एक पट्टी. लोकांना कळू दे, फलकावर मोठं अक्षर कोणाच्या नावाला लावायचं ते."

मास्तरांनी टोमणा मारला होता. खालची हातोडी स्पष्ट ऐकू येऊ लागली. भाच्याचा चेहरा उजळला.

"हेच," तो म्हणाला. "मास्तर, हेच तिकीट! दोघं एका व्यासपीठावर. टीव्हीवाला उड्या मारील."

मास्तर क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आले की आपण जिंकलो. त्यांचा गवई शेवटच्या संध्याकाळी राहणार होता, मद्रासच्या गवयाच्या बरोबरीने, आणि त्यांच्या मते त्याच्या वर. त्यांनी तिकिटाला विरोध सोडला. अक्का म्हणाल्या, चटई पुढे ठेवणार असाल तर मीही तिकीट काढते. भाच्याने चटईच्या दोन रांगा तिथल्या तिथे कबूल केल्या. ज्यांनी तासभर एकमेकांचे ऐकले नव्हते ते सगळे एकदम एका बाजूला झाले. माझ्या मित्राचे भले इच्छिणारे सर्वांत जोरात बोलत होते.

"दोघांची पट्टी वेगळी ठेवता येणार नाही काय?" मी विचारले.

"काय म्हणून, मामा? विद्वानांची दोन, त्याची दोन. देवानंच जुळवलंय."

"मागे तुम्हीच बसता," मास्तर मला म्हणाले. "तुम्हाला त्याची पट्टी ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

"आणि मामा," भाचा म्हणाला, "मद्रासवाले स्वतःची विजेची श्रुतिपेटी आणतात. आकडा फिरवला की सूर. तुम्हालाही आता सुट्टी. पुढे बसून ऐका. तिकीट मी देतो."

पुन्हा हशा झाला. तो मनाने वाईट नव्हता. त्याला खरोखर वाटत होते की माझे गुडघे दुखतात.

सभेचा एक नियम होता. ठराव आला की अध्यक्षाने तीनदा हरकत विचारावी. अध्यक्षाने स्वतःचे मत मांडू नये. पूर्वीच्या भांडणांना कंटाळून हा नियम मीच आणला होता. मी विचारले, कोणाची हरकत? कोणी बोलले नाही. दुसऱ्यांदा विचारले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी इतका वेळ थांबलो की भाच्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. हरकत नव्हती. मी ठराव मंजूर झाल्याचे सांगितले.

आता माझ्या मित्राचा होकार तेवढा उरला होता. भाचा जेवण करून लगेच स्कूटरवर निघाला. मी म्हणालो, मीही येतो. त्याला आश्चर्य वाटले; त्याच्या स्कूटरवर मी पूर्वी कधी बसलो नव्हतो.

तंजावूरहून तिरुवैयारुला जाताना एकामागून एक नद्यांचे पूल लागतात. डिसेंबरात पाणी गढूळ असते आणि पुलाच्या कमानींना घासत जाते. वारा नव्हता. भातशेतांवर आभाळ खाली आले होते. भाचा पुढे तोंड करून फलकाच्या रंगांविषयी बोलत होता. अर्धे शब्द मागे पोचत नव्हते. माझ्या डोक्यात एकच काम होते. मित्राने नकार द्यावा, आणि नकाराचे कारण भाच्याला कळू नये. नोकरीत मी आयुष्यभर लोकांचे अर्ज नाकारले होते. त्या पुलांवर मला एक वाक्य जुळवता आले नाही. कावेरीच्या पुलावर एक माणूस उभा राहून पाण्यात वाकून पाहत होता. स्कूटर जवळून गेली तरी त्याने मान वळवली नाही.

मित्र घरीच होता. दोन मुलींना शिकवणे चालू होते. आम्हाला पाहून त्याने त्यांना घरी पाठवले. गळ्याला लोकरी पट्टा गुंडाळलेला होता. हिवाळ्यात तो नेहमीच गुंडाळी, म्हणून भाच्याला त्यात काही दिसले नाही.

भाच्याने सर्व सांगितले. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारले.

"तिकीट लावणार?"

"लावणार, अण्णा. पुढच्या खुर्च्या सर्वांत महाग."

"लोक घेतील?"

"तुमच्या दोघांच्या नावावर? मारामाऱ्या होतील, अण्णा!"

"पट्टी?"

"तुमचीच. दोन."

त्याने डोळे उघडले. "ठीक आहे. दोन कट्टै. श्रुतिपेटी नको. तंबोरा हा धरील." माझ्याकडे न पाहता त्याने बोट दाखवले.

"तुला दगदग झेपायची नाही," मी म्हणालो. मला एवढेच सुचले.

"दगदग? उत्सवाला मी पायी थोडाच येतो? टाउन बसनं येतो." मग भाच्याकडे वळून तो म्हणाला, "आत जा. कॉफी झाली असेल. घरात तुझ्या बँकेविषयी काहीतरी विचारायचं चाललं होतं."

भाचा आत गेला. कॉफीच्या डबऱ्या-पेल्यांचा आवाज आला. आम्ही दोघे ओसरीवर राहिलो.

"शब्द पाळलास," तो म्हणाला.

"पाळला."

"दिसलंच. मोडला असतास तर हा पोरगा इतका आनंदात आला नसता."

"डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस."

"माझाच घसा होता. ऐकलं."

मग तो म्हणाला, "पहिल्याच वर्षी तू तंबोरा उतरवलास तेव्हा मला कळलं. षड्ज लावला तेव्हाच. वाटलं, गाणं संपल्यावर सांगशील. तू गवसणी बांधलीस आणि घरी गेलास. म्हणून मीही गप्प बसलो."

"मग आताही तसंच गा. मी तंबोरा एक कट्टैलाच लावतो. त्या पोराला सांगू, म्हाताऱ्याची लहर आहे."

"तेव्हा फुकट होतं." तो सावकाश बोलत होता. बोलतानाही आवाज जपण्याची सवय त्याला लागली होती. "देवळात प्रसाद मुठीनं देतात. मूठ लहान झाली म्हणून कोणी तराजू मागत नाही. बाजारात बसायचं तर माप पुरतं हवं. हे लोक दोन कट्टैचं तिकीट काढणार, आणि मी त्यांना एक मोजून देऊ?"

"आवाज जाईल."

"जाईल."

"मग?"

"मुलींना शिकवीन. चुकलं तर बोटानं दाखवता येतं."

"मी तंबोरा धरणार नाही," मी म्हणालो.

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "मग ते पेटी आणतील. पेटीचा सूर हलत नाही. तुझा हात हलेल, अशी मला भीती आहे. थोडी आशाही आहे. म्हणून तुला आधीच सांगतो. हलवू नकोस."

नदीकडून ओल्या मातीचा वास येत होता. पलीकडच्या घरात कोणीतरी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

"जाड तारा चढवल्यास ना?" त्याने विचारले.

"हो." पट्टी खाली आली तशा मी जाड तारा घातल्या होत्या. बारीक तार खाली उतरली की ढिली पडते आणि बोलत नाही.

"त्या दोनला तुटतील. बारीक घे."

भाचा ओठ पुसत बाहेर आला. "काय मामा, ठरलं?"

"ठरलं," मी म्हणालो.

त्याने वाकून माझ्या मित्राच्या पायांना हात लावला. मित्राने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटले, "चटई पुढे ठेव. त्या मुलींना माझा चेहरा दिसला पाहिजे." भाच्याने शब्द दिला. निघताना मी वळून पाहिले तेव्हा तो गळ्याभोवतीचा पट्टा सोडीत होता.

परतताना दिवस मावळत आला होता. भाचा फलकाची अक्षरे मनात जुळवीत असावा. पुलावरचा माणूस गेला होता. मी दक्षिण राजवीथीत वाद्यांच्या दुकानाशी उतरलो. रविवार असल्याने फळ्या अर्ध्या लावलेल्या होत्या. आत दुकानदार तंबोऱ्याचा फणसाच्या लाकडातला एक नवा भोपळा घाशीत बसला होता.

"तंबोऱ्याच्या तारा," मी म्हणालो. "बारीक."

"बारीक? कोणती पट्टी?"

"दोन कट्टै."

"वा!" तो उठून उभा राहिला. "म्हणजे विद्वान अजून दोनलाच. आणि लोक म्हणतात, जुनी माणसं संपली." त्याने तारा कागदात गुंडाळल्या आणि एक जादा तार वरून घातली. "तुटली तर असू द्या."

त्या उत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी एकही खुर्ची रिकामी नव्हती, आणि चटईच्या दोन रांगा पुढे होत्या. तो दोन कट्टैला गायला. माझा हात हलला नाही. त्यानंतर त्याचा गाता आवाज कोणी ऐकला नाही. मास्तर मरेपर्यंत सांगत असत की तसे गाणे त्यांनी आयुष्यात ऐकले नव्हते. ते खरे होते. याहून अधिक मी त्या संध्याकाळीविषयी लिहिणार नाही.

अकरा डिसेंबरला मी घरी आलो, दिवा लावला आणि तंबोऱ्याची गवसणी काढली. घोडीखालचे दोरे सोडवले. जाड तारा एकेक करून उतरवल्या. बारीक तारा खुंट्यांना गुंडाळल्या, मणी बसवले आणि पेटीचा सूर धरून खुंट्या पिळू लागलो. कित्येक वर्षांत त्या खुंट्या या बाजूला वळल्या नव्हत्या, त्या करकरल्या. मानेला कान लावून पाहिला. लाकूड तडकले नव्हते. तारा जुळल्या तेव्हा सूर खणखणीत आणि फार वर आला. खोली मला ओळखीची वाटेना.

हात लावून तो थांबवला. तंबोरा भिंतीला टेकवला. मग जाड तारा गोल गुंडाळल्या, त्यांना दोरा बांधला, कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आणि डब्याचे झाकण दाबून बसवले.